सातवा फॉर्मा

“‘पुस्तकाच्या मध्यावर मात्र लेखिकेचा तोल सुटतो,’” ह्यांनी मोठ्यानं वाचलं आणि चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. “पुढचं वाचू, की आधी तुला पाणी आणू?”

“वाचा.”

“‘इतका वेळ घरातल्या एकेका माणसाची गोष्ट सांगणाऱ्या बाई अचानक व्यासपीठावर चढतात आणि आयुष्य कसं जगावं याचे डोस वाचकाला पाजू लागतात. ही पंधरा-सोळा पानं म्हणजे दुधात पडलेला मिठाचा खडा. ती फाडून टाकली असती तर एक चांगलं आत्मकथन हाती आलं असतं. निवृत्त मुख्याध्यापिकांनी लिहायला बसताना छडी बाहेर ठेवून यावी.’ झालं. खाली अ. हे.”

“अहे? हा कोण अहे?”

“अरविंद हेर्लेकर. ‘नवं कोरं’ सदर त्याचंच. दर रविवारी तीन पुस्तकं घेतो. एक कथा-कादंबरी, एक आत्मचरित्र आणि एक ते यशस्वी व्हा छापाचं. प्रत्येकाला शंभर शब्द.”

मी पेपर त्यांच्या हातातून ओढून घेतला, तेवढाच मजकूर पुन्हा वाचला आणि पेपर भिरकावला. तो फ्रिजमागं जाऊन पडला.

“अगं, संध्याकाळपर्यंत त्यात कुणीतरी भजी गुंडाळेल,” हे म्हणाले. “एवढं काय मनाला लावून घ्यायचं?”

“फाडून टाका म्हणतोय तो! चंपूताईला फाडून टाका म्हणतोय!”

मग मात्र ह्यांनी चष्मा काढून ठेवला. ‘आमच्या घराची हजेरी’ हे माझं पहिलं आणि शेवटचं पुस्तक. शाळेत जन्मभर हजेरी घेतली, तशी आमच्या पोतदारांच्या घराची घेतली. एका माणसाला एक प्रकरण. आजी, आबा, आई, अण्णा आणि बरोबर मध्यावर चंपूताई. खरं सांगायचं तर आजूबाजूची सगळी प्रकरणं मी चंपूताईच्या प्रकरणासाठीच लिहिली होती. एकटं तेवढंच छापायला कुणी तयार झालं नसतं.

आज पेपरांत पुस्तकांसाठी वीतभर जागा उरलेली नाही, पण तेव्हा रविवारची पुरवणी लोक जपून ठेवत. त्याआधी पाच-सहा ठिकाणी माझ्या पुस्तकाची परीक्षणं येऊन गेली होती. सगळी साखरेत घोळलेली. ‘प्रांजळ’, ‘ओघवती’, ‘संग्राह्य’. एका महाभागानं तर मलपृष्ठावरचा मजकूर स्वल्पविरामासकट उतरवून काढला होता. ओळखीपाळखीच्या बायका भेटत आणि “कमलिनीताई, हातातून खाली ठेवलं नाही हो” असं म्हणत. चंपूताईचं नाव कुणीच काढत नव्हतं. मला वाटलं, विषय अवघड आहे, माणसं सभ्यपणानं बाजूनं जातायत. आणि हा पहिला गडी, ज्यानं त्या पानांना हात घातला, तो ती फाडा म्हणत होता. माझा राग तसाही नाकाच्या शेंड्यावर असतो.

चंपूताई कोण ते सांगते. माझ्याहून मोठी, अण्णाच्या पाठची बहीण. तिला फेफरं यायचं. बाकी काही नाही. वेणी घालायची, गाणी म्हणायची, सागरगोट्यांत मला हरवायची. मी परकरात होते तेव्हा एक दिवस अण्णा तिला मिरजेला मावशीकडं सोडून येतो म्हणून घेऊन गेला आणि काही दिवसांनी एकटाच परत येऊन त्यानं सांगितलं, चंपू टायफॉइडनं गेली, सगळं तिथंच उरकलं. आमच्याकडं तेरावं झालं. त्या तेराव्याचा लाडू मी खाल्लेला आहे. त्याच वर्षी मे महिन्यात अण्णाचं लग्न झालं, मोठ्या घरची मुलगी मिळाली आणि सराफ कट्ट्यावरच्या आमच्या पेढीला बरकत आली.

पुढं तीसेक वर्षांनी आई अंथरुणाला खिळली. शेवटच्या आठवड्यात तिनं माझा कान आपल्या तोंडाशी ओढला आणि म्हणाली, “चंपू हाय. मारली न्हाई तिला. ठेवलीय.” कुठं ठेवलीय तेही सांगितलं. दूरच्या एका शहरातलं वेड्यांचं इस्पितळ. मी गेले. चंपूताई होती. दात पडलेली, केस कापलेली, पण होती. ती तिथून माझ्याबरोबर यायला तयार झाली नाही. का, ते मी त्या प्रकरणात लिहिलं होतं. दुसऱ्याच दिवशी मी पेढीवर जाऊन अण्णापुढं उभी राहिले आणि म्हटलं, “चंपूताई जिवंत आहे. मी भेटून आले.” अण्णाच्या हातात ताजवा होता. त्यानं मान वर केली नाही. म्हणाला, “कमे, मेलेल्या माणसांची नावं तराजूपुढं घेऊ नयेत,” आणि पुढच्या गिऱ्हाइकाला विचारलं, “हं, बोला काकी, पाटल्या करायच्यात न्हवं?”

पुढची दोन वर्षं मी जात राहिले. मग चंपूताई गेली. अग्नी मी दिला. त्या दिवशी मी ठरवलं की अण्णाला आता तोंडानं काही सांगायचं नाही. बोललेलं तो वाऱ्यावर सोडतो. छापलेलं सोडता येत नाही. चंपूताईचं नाव, बापाचं नाव, इस्पितळाचं नाव आणि तिला तिथं कुणी नेऊन घातलं त्याचं नाव, सगळं काळ्या शाईत छापायचं आणि अण्णाच्या हातात द्यायचं. तो शिव्या देईल, कोर्टात खेचेल, काय वाटेल ते करील. पण वाचावं त्यानं.

आणि त्यानं वाचलं. पुस्तक दिल्यावर पंधरा दिवसांनी अण्णा माझ्या घरी आला, न बोलावता. पेढ्यांचा पुडा पुढं ठेवला. टोपी काढून मांडीवर ठेवली, आणि हा डोंगरासारखा माणूस हुंदके देऊन रडायला लागला. “कमे, ते मधलं वाचलं. तीनदा वाचलं. ऊर हलका झाला बघ. किती सांभाळून लिहिलंस गं.”

सांभाळून मी काहीच लिहिलं नव्हतं. पण रडणारा माणूस काहीही बोलतो, असं मला वाटलं. इतकी वर्षं पोटात बाळगलेला राग त्या संध्याकाळी उतरला. मी त्याला चहा करून दिला. जाताना त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि मी ठेवू दिला.

त्या पानांना हा हेर्लेकर मिठाचा खडा म्हणत होता! ज्यांनी आमच्या दगडाला पाझर फोडला ती पानं!

सोमवारी सकाळच्या गाडीनं मी कोल्हापूर गाठलं. पेपरच्या कचेरीत जिना चढून गेले तर टोकाच्या खोलीत हा बसलेला. पन्नाशीचा, कळकट बुशशर्ट, तोंडात खडीसाखर. चारी बाजूंना पुस्तकांच्या चवडी, खुर्चीवरसुद्धा. बसायला जागा नव्हती आणि मला बसायचंही नव्हतं.

“अ. हे. आपणच का?”

“होय. आपण?”

“मी ती छडीवाली मुख्याध्यापिका.”

त्यानं खडीसाखर एका गालातून दुसऱ्या गालात सरकवली. “बसा की बाई. ती चवड खाली ठेवा. दोन वर्षांत भांडायला आलेल्या तुम्ही पहिल्याच. बाकीचे पेढे घेऊन येतात.”

“पेढे कशाचे आणू? एका बाईला जिवंतपणी मेली म्हणून जाहीर केलं, त्याची हकीगत लिहिली मी. तुम्हाला त्यात उपदेश दिसला? तुम्हाला बहीण आहे का हो?”

“आहे. बाई, हे बघा—”

“मी बघायला नाही, सांगायला आलेय. शंभर शब्द लिहायला बसता, दर आठवड्याला तीन माणसांची आयुष्यं निकालात काढता, आणि पानं उलटायचे कष्टसुद्धा घेत नाही!”

आता तोही पेटला. टेबलावर थाप मारून उठला. “हे ऐकून घेणार नाही! काय वाटेल ते म्हणा, पण वाचलं नाही म्हणू नका. इथं येणारं पुस्तक मी पहिल्या पानापासून किमतीपर्यंत वाचतो. त्यापायी डोळे गेले, बढती गेली, बायको म्हणते त्या रद्दीशीच लग्न करायचं होतं. बाकीचे मलपृष्ठ उतरवून मोकळे होतात, त्यांना तुम्ही फोन करून धन्यवाद दिले असतील. दिले ना?”

दिले होते.

“आता ऐका तुमचंच.” त्यानं चवडीतून माझं पुस्तक ओढून काढलं. पानापानाला चिठोऱ्या लावलेल्या होत्या. मधलं एक पान उघडून तो मास्तरासारखा वाचायला लागला. “‘मागे राहिलेल्यांचं ओझं वाहू नका. पुढे जाताना कुणाला मागे सोडावं लागलं असेल, तर स्वतःला दोष देऊ नका. तुम्ही पुढे गेलात म्हणूनच तुमचं घर उभं राहिलं. झालं गेलं गंगेला मिळालं. रोज सकाळी आरशासमोर उभे राहा आणि तीनदा म्हणा, मी स्वतःला माफ केलं.’ ही हकीगत आहे, बाई? हे बसस्टँडवर विकायच्या लायकीचं आहे!”

“हे मी लिहिलेलं नाही.”

“प्रत्येक लेखक असंच म्हणतो.”

“अहो, हे मी लिहिलेलं नाही!” मी पुस्तक हिसकावून घेतलं. वर माझं नाव, मागं माझा फोटो, आणि पोटात हे. पान उलटलं तर पुढंही तेच. सकारात्मक विचारांचे सात फायदे. यशाच्या शिडीचं चित्र. चंपूताई कुठंच नव्हती. मुद्रितं मी तीनदा तपासली होती, त्यानंतर छापील पुस्तक मी उघडलंच नव्हतं. हुंगलं, फोटो बरा आलाय का पाहिलं आणि कपाटात ठेवलं. लिहिणाऱ्यांपैकी बहुतेक जण हेच करतात.

हेर्लेकर माझ्या चेहऱ्याकडं बघत होता. त्याचा आवाज एकदम खाली आला. “बाई, तुमच्या हकीगतीतल्या त्या बहिणीचं नाव काय?”

“चंपावती. चंपूताई.”

तो तसाच वळला, दुसऱ्या चवडीतून एक गुळगुळीत पुस्तक काढलं. मुखपृष्ठावर टाय लावलेला एक गृहस्थ हात उंचावून उभा. ‘ओझं उतरवा, पुढे चला’. प्रकाशक माझाच. हेर्लेकरनं मधलं पान काढलं आणि वाचलं, “‘चंपूताईला घोसावळ्याची भजी आवडत.’”

“‘फेफरं येऊन गेलं की ती आधी भजी मागायची आणि मग पाणी,’” पुढचं मी न बघता म्हटलं.

तो मटकन खाली बसला. दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून त्यानं मला पानाच्या तळाशी छापलेला बारीकसा आकडा दाखवला. सात. पुस्तक सोळा-सोळा पानांच्या घड्यांनी बनतं, त्या प्रत्येक घडीला फॉर्मा म्हणतात आणि क्रम चुकू नये म्हणून बाइंडरसाठी खाली नंबर टाकतात. दोन्ही पुस्तकं एकाच मापाची, एकाच टायपातली, एकाच वेळी बाइंडरकडं गेलेली. त्याच्याकडं ‘सात’च्या दोन थप्प्या शेजारी पडल्या होत्या, त्यानं ह्याची त्याला आणि त्याची ह्याला शिवली. दैवाचा खेळ असा की चंपूताईचं प्रकरण नेमकं त्याच सोळा पानांत बसलेलं. कुठं वाक्य तुटलं नाही की शब्द लोंबकळला नाही.

“मला शंका यायला हवी होती,” तो म्हणाला. “पण असल्या पुस्तकांत मधे कुणाकुणाच्या गोष्टी घालतातच. आणि निवृत्त शिक्षकांना उपदेशाची उबळ येतेच, असं मला वाटलं. कालचं सदर पूर्ण वाचलं नाहीत तुम्ही?”

“माझ्यापुरतं वाचलं.”

त्यानं कालची पुरवणी पुढं सरकवली. माझ्या परीक्षणाच्या खालीच, बोटभर अंतरावर, टायवाल्याचं परीक्षण होतं. ‘हे पुस्तक विकत घेण्यापेक्षा त्या पैशांची केळी खावीत. मात्र मध्यावर एका बहिणीची हकीगत आहे. ती वाचल्यावर मी दिवसभर दुसरं पुस्तक हातात धरू शकलो नाही. लेखकाला ती कुठे सापडली कोण जाणे. जिनं ती लिहिली तिला माझा नमस्कार.’

मला खरंतर हसू यायला हवं होतं. पण त्याच क्षणी अण्णा डोळ्यांसमोर आला. मांडीवर टोपी ठेवून रडणारा अण्णा. ते मधलं तीनदा वाचलं. किती सांभाळून लिहिलंस. ऊर हलका झाला.

काय वाचलं होतं त्यानं? मागं राहिलेल्यांचं ओझं वाहू नका. स्वतःला दोष देऊ नका. तुम्ही पुढं गेलात म्हणूनच घर उभं राहिलं. बहिणीनं आडून, नाव न घेता, आपल्याला सोडवलं असं समजून तो माझ्यापुढं रडला होता. आणि मी त्याला चहा करून दिला होता! एवढी मी त्याच्यावर कधीच चिडले नव्हते, चंपूताईला पहिल्यांदा पाहिलं त्या दिवशीही नाही.

हेर्लेकरनं माझ्या देखत प्रकाशकाला फोन लावला. पलीकडून मला ऐकू येईल एवढ्या मोठ्यानं प्रकाशक म्हणाला, “पाचशेच प्रती आहेत हो त्या. कुणाचीच तक्रार नाही. दोन्ही बाजूंनी नाही!” हेर्लेकरनं त्याला जी शिवी दिली ती इथं लिहिता येत नाही. मला ती फार आवडली.

निघताना त्यानं टायवाल्याचं पुस्तक माझ्या हातात ठेवलं. “अभिप्रायाला दोन-दोन प्रती येतात. घेऊन जा. आणि बाई, पुढच्या रविवारी मी दुरुस्ती छापतो.”

“छापा. पण त्याआधी मला एक दुरुस्ती करायचीय.”

दुपारी उन्हात माहेरच्या गावी, सराफ कट्ट्यावर उतरले. पेढीच्या दाराशी सुविचाराचा फळा असतो, आबांच्या वेळेपासूनचा. त्यावर त्या दिवशी रंगीत खडूनं लिहिलं होतं, ‘मागे राहिलेल्यांचं ओझं वाहू नका.’ खाली वळणदार अक्षरांत, ‘सौ. कमलिनी रेठरेकर’. बाजूला एक फूल काढलेलं. मी पदराचा बोळा केला आणि भर रस्त्यावर तो फळा पुसला. आधी माझं नाव, मग बाकीचं. गल्ल्यावरचा माणूस “बाईसाहेब, अहो—” करत राहिला.

अण्णा वर, घरात होता. नुकताच जेवून झोपाळ्यावर बसलेला. वहिनी खाली बसून वाती वळत होती. ह्या वहिनीबद्दल एक सांगायला हवं. तिनं चंपूताईला कधी पाहिलं नव्हतं. पण लग्नाआधी गेलेली नणंद म्हणून दर सर्वपित्रीला ती चंपूताईच्या नावानं पान वाढायची. एकदा आईकडून तिची आवड कळली तेव्हापासून त्या पानावर घोसावळ्याची भजीसुद्धा असायची. मधली दोन वर्षं, चंपूताई जिवंत आहे हे ठाऊक असताना, मला ते पान बघवायचं नाही, म्हणून मी त्या दिवशी माहेरी जाणंच सोडलं होतं.

“या की लेखिकाबाई!” अण्णा म्हणाला. “बस. अगं, हिला पाणी दे.”

“तुमच्या पुस्तकानं नादावलेत बघा हे,” वहिनी उठता उठता म्हणाली. “रोज सकाळी आरशापुढं हुभं राहून कायतरी पुटपुटत असतात. मला म्हणतात, कमीनं सांगितलंय.”

“तीनदा पुटपुटतो का?” मी विचारलं.

“होय, तीनदाच. तुम्हाला कसं ठावं?”

मी टायवाल्याचं पुस्तक अण्णापुढं धरलं. “तू वाचलंस ते माझं नव्हतं, अण्णा. बाइंडरनं चुकून दुसऱ्याची पानं घातली माझ्या पुस्तकात. माझी ह्यात आहेत. मी तुला कसलीही माफी दिलेली नाही. घे. वाच.”

त्यानं पुस्तक घेतलं, चष्मा लावला, मी खूण घालून ठेवलेलं पान काढलं. पहिली ओळ वाचली असेल नसेल, त्याचा झोपाळा थांबला. मग तो पुढची पानं भराभर उलटायला लागला, माणूस अंधारात पायरी चाचपतो तसा. कुठंतरी त्याला त्याचं नाव दिसलं.

“कमे,” तो म्हणाला. आवाज अगदी बारीक. “हे छापलंस तू?”

“छापलं.”

“असू दे. मी नंतर वाचतो. आता नको. हिच्यासमोर नको.”

“माझ्यासमोर काय नको?” वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. “काय हाय त्यात?”

“कायबी न्हाई. तू आत जा.”

माझा संयम तिथं संपला. “आत का जाईल ती? तिच्या लग्नासाठी तर केलंस ना सगळं! का त्याला तोंडानं वाचून दाखवायला सांगू, वहिनी? चौथी शिकलेली आहेस तू. तूच वाच.”

“कमे, पाया पडतो तुझ्या!” अण्णानं पुस्तक छातीशी धरलं. पंचाहत्तरीचा माणूस, गावात ज्याच्या शब्दावर लोक सोनं ठेवून जातात, तो पोरासारखं पुस्तक लपवत होता. मला कीव यायला हवी होती. आली नाही. वहिनीनं तांब्या खाली ठेवला, हात पुढं केला आणि तसाच ठेवला. बऱ्याच वेळानं अण्णानं पुस्तक त्या हातात दिलं.

वहिनी वाचायला बसली की ओळीखाली बोट ठेवून वाचते, आणि पोथीसारखं मोठ्यानं वाचते. तिला मनात वाचताच येत नाही. मी मधलं पान काढून दिलं. ती एकेक शब्द जुळवत निघाली.

“‘मी तिला म्हटलं, मी कमू. तिनं मला ओळखलं नाही. तिच्या लेखी कमू अजून परकरात होती. मी म्हटलं, घरी चल. तिनं मान हलवली. म्हणाली, मला अण्णानं इथंच थांबायला सांगितलंय.’” वहिनीनं एकदा वर बघितलं आणि पुन्हा बोट ठेवलं. “‘माझं लग्न ठरतंय, तुझं फेफरं मुलीकडच्यांच्या नजरेला पडायला नको, म्हणाला. लग्न झालं की न्यायला येतो, म्हणाला. मी इथून हलले आणि तेवढ्यात तो आला, तर चुकामूक होईल बाई आमची.’”

झोपाळ्याची कडी वाजली. अण्णा उठायला गेला होता, पण उठता आलं नाही. दोन्ही हातांनी साखळी धरून तो बसून राहिला.

“थांबू नको, वहिनी,” मी म्हटलं.

“‘तिथल्या नर्सबाई म्हणाल्या, कुणीही भेटायला आलं, कुणाचंही माणूस असलं, तरी ही त्याला एकच गोष्ट विचारते. इतकी वर्षं तेवढंच विचारतेय. मग चंपूताईनं मला जवळ ओढलं, आणि कुणी ऐकत नाही ना बघून हळूच विचारलं...’”

वहिनीचं बोट पुढच्या ओळीवर गेलं. तिनं ती मनात वाचली. जन्मात पहिल्यांदा तिला मनात वाचता आलं असावं. मग तिनं ती मोठ्यानं वाचली.

“‘अण्णाचं लग्न झालं का?’”

खाली पेढीवर कुणीतरी भाव विचारत होतं. मला वाटलं होतं वहिनी नवऱ्यावर तुटून पडेल, आणि मी त्याचीच वाट बघत होते. तिनं अण्णाकडं बघितलंसुद्धा नाही. त्या पानावरून तळहात फिरवत ती म्हणाली, “आणि मी तुमचं पान वाढत होते हो. दर वर्साला. तुम्ही तिकडं जेवत असाल, तवा मी हितं कावळ्याला हाका मारत होते.”

मग पुस्तक तिनं चेहऱ्याजवळ नेलं, दाराआडच्या माणसाशी बोलावं तसं.

“झालं हो, वन्सं,” ती म्हणाली. “माझ्याशीच झालं.”